डब्यावरचं बाळ

‘‘दात,’’ अण्णा म्हणाले.

ते आरशासमोर उभं राहून उद्याच्या भाषणाचा सराव करत होते. बाळाकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नव्हतं. माझ्या मांडीवर श्रीरंगनं पुन्हा उलटी केली होती, आणि खालचं दुपटं पाण्यासारख्या जुलाबानं भिजून माझ्या साडीपर्यंत ओल आली होती.

‘‘अण्णा, दात येताना इतकं पाणी जात नाही,’’ मी म्हणाले.

‘‘किती मुलं वाढवलीत तुम्ही, सूनबाई?’’

‘‘हे पहिलंच.’’

‘‘मी अख्खा जिल्हा वाढवलाय,’’ ते म्हणाले आणि पुन्हा आरशाकडे वळले. ‘‘उपस्थित माता-भगिनींनो...’’

माझे सासरे म्हणजे धामणकर बाळगुटीवाले. कराड-सांगलीच्या पट्ट्यात ज्या घरी पाळणा हलायचा त्या घरी आमचा पिवळा डबा असायचाच. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ असं काय काय त्यात कुटून घातलेलं असायचं. गुटीत वाईट काही नव्हतं, आणि विशेष चांगलंही काही नव्हतं. अण्णांच्या आजोबांना म्हणे खरंच नाडी कळायची. अण्णांना फक्त धंदा कळायचा. नावाआधी ते ‘वैद्य’ लावायचे, पण एखाद्याचं मनगट हातात धरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. मागच्या शेडमध्ये कुटायचं यंत्र घरघरायचं आणि पुढच्या दुकानात अण्णा पांढरं धोतर नेसून बसायचे. लोक येऊन पाया पडायचे, आणि तेही पडू द्यायचे.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या शाळेत महिला मंडळाची सुदृढ बालक स्पर्धा होती. बक्षिसं आमच्याकडून, फलक आमचे, भाषण अण्णांचं. श्रीरंग स्पर्धेत नव्हता. मालकाच्या नातवाला पहिलं बक्षीस देणं बरं दिसलं नसतं, एवढी लाज अण्णांना होती. पण त्याला स्टेजवर सजवलेल्या खुर्चीत बसवायचं ठरलं होतं, आणि वर कापडी फलक लागणार होता : ‘धामणकर गुटीवर वाढलेलं बाळ’. त्याचं खाणंपिणं माझ्या अंगावरच्या दुधाचं आणि मऊ भाताचं होतं, पण तसं फलकावर लिहून दुकान चालत नाही.

खरं सांगायचं तर श्रीरंग होताही तसाच. गाल वर आलेले, मांड्यांना वळ्या, रस्त्यातून नेलं की बाया थांबून कानशिलावर बोटं मोडायच्या. आदल्या दिवशीपर्यंत तो बैठकीत रांगत होता आणि अण्णांच्या जोड्यांचे बंद चावत होता.

माझ्या सासूबाई, माई, आतून आल्या. त्यांनी दुपटं पाहिलं, नाकाला पदर लावला आणि निकाल दिला.

‘‘अंगावरचं बंद कर. दूध पोटात फाटतंय त्याच्या. आणि पाण्याचा थेंब द्यायचा नाही. वरून घालशील तर खालून जाणारच. पोटाला विश्रांती हवी.’’

‘‘माई, तो तहानलाय. ओठ बघा त्याचे.’’

‘‘रडू दे थोडं. गुटीचं बोट चाटव, झोपेल.’’

बोट चाटवलं. त्यानं तेही ओकून टाकलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळलं, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं. माझ्या माहेरी माझ्या धाकट्या भावाला एकदा असंच झालं होतं, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी हेच सांगितलं होतं. वाटी-चमचा घेऊन मी बाळाजवळ बसले. दोन-तीन चमचे त्यानं असे ओढून घेतले की मला रडू आलं. तेवढ्यात माईंनी मागून येऊन वाटी उचलली आणि मोरीत रिकामी केली. रागावून नव्हे. उरलेला चहा ओततात तशी ओतली.

‘‘या घरात बाळांना काय द्यायचं हे धामणकरांना शिकवणार तू?’’ त्या म्हणाल्या, आणि श्रीरंगला उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

माझे यजमान अरविंद तेव्हा कुठे होते म्हणाल, तर ते तिथेच होते. दारात उभे होते. अरविंद नेहमी दारातच उभे असायचे, म्हणजे आतल्यांनाही वाटावं आपले आणि बाहेरच्यांनाही.

‘‘डॉक्टर भोकऱ्यांकडे नेऊ या,’’ मी त्यांना म्हणाले. ‘‘आत्ता. चालत जाऊ.’’

‘‘अगं, उद्या कार्यक्रम आहे.’’

‘‘म्हणून तर आज म्हणतेय.’’

‘‘तसं नाही गं, वृंदा. आपल्या घरातलं पोर डॉक्टरच्या पायरीवर दिसलं, तेही जुलाबासाठी, तर लोक काय म्हणतील? जुलाबावरच तर आपली गुटी आहे. उद्या आटोपलं की दाखवू. अण्णा सांगतात तर...’’

त्यांचं प्रत्येक वाक्य ‘अण्णा सांगतात तर’वर येऊन थांबायचं. पुढे काय, हे त्यांना स्वतःलाही कधी कळलं नसावं. मी त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस शांत आहे. शांत आणि रिकामा यातला फरक लग्नाआधी दिसत नाही.

छातीत दूध दाटून ठणका लागला होता. माईंच्या खोलीचं दार मी वाजवलं. आतून कडी होती. ‘‘झोपलाय,’’ त्या म्हणाल्या. सकाळपर्यंत प्रत्येक वेळी तेवढंच उत्तर.

सकाळी त्याला माझ्या हातात दिलं तेव्हा तो झोपलेला नव्हता. डोळे अर्धवट उघडे होते आणि खोल गेले होते. रडायला तोंड वाकडं करायचा, पण आवाज फुटत नव्हता आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. मी डोक्यावरून हात फिरवला तर टाळूवर बोट आत गेलं. बशीसारखा खळगा पडला होता. कालपासून दुपटं ओलं होत होतं ते नुसत्या जुलाबानं, लघवी अशी नव्हतीच.

‘‘टाळू बघा, माई,’’ मी म्हणाले. ‘‘टाळू आत गेलीय.’’

माईंनी पाहिली. क्षणभर त्या घाबरल्या, हे मी त्यांच्या तोंडावर वाचलं. मग त्यांनी टाळूवर तेल घातलं आणि कुंची आणली. जरीकाठाची, खणाची, डोकं, कान, मान सगळं झाकून पाठीवर सोडायची ती कुंची. खळगा झाकला गेला. गालाला त्यांनी थोडी पावडर लावली. काजळाची तीट लावली. पायांत चांदीचे वाळे होतेच. सोनं म्हणून अंगावर काही नव्हतं, कारण तान्ह्या पोराला सोनं घालणं ही अण्णांच्या मते उधळपट्टी होती.

‘‘आता कसं छान दिसतंय,’’ माई म्हणाल्या.

मी मनात हिशेब केला. घरून निघून दवाखान्याकडे वळले तर अरविंद आडवे येणार, पोर हिसकावलं जाणार, पुन्हा कडी लागणार. आणि डॉक्टर भोकरे आज दवाखान्यात नसणार. ते स्पर्धेचे परीक्षक होते. अण्णांना डॉक्टरांचा तिटकारा होता, पण फलकावर एक डॉक्टर लागतो. मग मी मुकाट्यानं रिक्षात बसले. अण्णांना वाटलं सून वळणावर आली.

शाळेच्या मैदानात मांडव भरला होता. गुबगुबीत पोरं, त्यांच्या दमलेल्या आया, आणि मंडळाच्या बाया एकसारख्या साड्या नेसून मिरवत होत्या. स्टेजच्या एका कडेला टेबलावर बाळांचं वजन करायचा काटा होता आणि त्यापाशी डॉक्टर भोकरे बसले होते. तरुण माणूस, नव्यानं दवाखाना टाकलेला. मधोमध अण्णा आणि माइक. मी श्रीरंगला घेऊन सजवलेल्या खुर्चीत बसले. फोटोवाल्यानं एक फोटोही काढला. पोर माझ्या कुशीत ओल्या फडक्यासारखं पडलं होतं.

‘‘बघा, किती शांत बाळ!’’ पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. ‘‘आमचं एक मिनिट बसत नाही.’’

‘‘गुटीचा गुण,’’ मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

अण्णांनी सुरुवात केली. आजोबा, हिमालयातून आलेला साधू, मुळीचं रहस्य. हा साधू दर वर्षी वेगळ्या पर्वतावरून यायचा. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. ‘‘माता-भगिनींनो, हा माझा नातू पाहा. आमच्या घराण्यात चार पिढ्या एकाही बाळानं दवाखान्याची पायरी चढलेली नाही!’’

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांतच मी उठले, स्टेज ओलांडून गेले आणि श्रीरंगला काट्यावर ठेवलं.

‘‘डॉक्टर, याचं वजन करा.’’

डॉक्टर गडबडले. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘वहिनी, हा स्पर्धेत नाही ना? कार्यक्रम आटोपला की मी निवांत...’’

म्हणजे हाही त्यातलाच. बक्षिसं देणाऱ्याच्या मिठाला जागणारा. मी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असेल ती अजून त्याच्या लक्षात असणार.

‘‘निवांत तुम्ही बसा,’’ मी म्हणाले आणि कुंचीचे बंद सोडले.

कुंची निघाली तसा तेलानं चमकणारा तो खळगा उघडा पडला. डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी अंगडं वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती खाली बसेना. उभीच राहिली. डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि त्यानंतर त्यांनी अण्णांकडे एकदाही पाहिलं नाही.

‘‘कधीपासून आहे? प्यायला काय देताय?’’

‘‘काही देऊ दिलेलं नाही,’’ मी म्हणाले. ‘‘दूध नाही, पाणी नाही.’’

‘‘पाणी बंद केलं? कोणी?’’

माइक चालूच होता. सगळ्या मांडवाला ऐकू जात होतं. अण्णा धामणकर माइकपाशी उभे होते, पांढरेफटक, आणि त्या माणसाला त्या घडीला एकच शब्द सुचला.

‘‘दात,’’ ते माइकमध्ये म्हणाले. ‘‘दात येतायत त्याला.’’

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. डॉक्टरांनी श्रीरंगला उचललं आणि आम्ही स्टेजच्या पायऱ्या उतरलो. पायऱ्यांशी अरविंद उभे होते. ‘‘वृंदा, अगं, निदान मागच्या दारानं...’’ असं काहीसं ते म्हणत होते. मी त्यांच्या अंगावरून गेले.

सरकारी दवाखान्यात त्याच्या हाताला शीर सापडेना. कोरड्या पडलेल्या बाळाच्या शिरा बसून जातात, हे मला तेव्हा कळलं. टोचत राहिले, आणि तो रडलाही नाही, त्याचीच मला भीती वाटली. मी आयुष्यात देवाकडे काही मागितलं असेल तर ते त्याचं रडणं. शेवटी डाव्या मनगटाला सुई लागली, तिच्यावर पट्ट्या चिकटवून खाली लाकडी फळी बांधली आणि बाटलीतलं पाणी थेंब थेंब त्याच्या अंगात जायला लागलं. कितीतरी वेळानं त्यानं मान हलवली, माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथल्या फरशीवर बसून त्याच्याबरोबर रडले.

‘‘पोटाचा विषाणू आहे,’’ डॉक्टर नंतर म्हणाले. आवाजात ओशाळलेपण होतं. ‘‘थंडीत येतो. चांगल्या धडधाकट पोरांना होतो, कुणाची चूक नसते त्यात. त्याला औषध असं नसतं, आपोआप जातो. तोवर अंगातलं जेवढं पाणी जातंय तेवढं भरत राहायचं, अंगावरचं पाजत राहायचं, बस. पोरं विषाणूनं मरत नाहीत हो, तहानेनं मरतात.’’

वॉर्ड भरलेला होता. सगळी गुटगुटीत, स्पर्धेला शोभतील अशी पोरं. आणि खाटांखाली, पिशव्यांत, स्टुलांवर पिवळे डबे. दुसऱ्या दिवशी अण्णा आले तेव्हा त्यांनी नातवाकडे पाहायच्या आधी ते डबे पाहिले. एका खाटेखाली वाकून पाहिलं, मग दुसऱ्या. मला वाटलं, आता तरी या माणसाला काहीतरी होईल.

‘‘खप चांगलाय,’’ ते अरविंदना हळूच म्हणाले.

माणसाविषयी मनात राग असतो तोवर त्याच्याशी काही नातं असतं. त्या वाक्यानंतर माझा राग गेला. उरली ती नुसती किळस, आणि ती फार सोयीची ठरली. रागात माणूस चुकतो, किळसेत डोकं थंड राहतं.

श्रीरंग सावरला, हसायला लागला, सुईची फळी खाटेच्या गजावर आपटायला लागला. तेव्हा अरविंद फोटोवाल्याला घेऊन आले. मागून अण्णा आणि माई.

झालं होतं असं, की गावानं श्रीरंगला मारून टाकलं होतं. धामणकरांचं नातवंड त्यांच्याच गुटीनं स्टेजवर गेलं, अशी वदंता पार बाजारपेठेपर्यंत पोचली होती, आणि दुकानदार डबे परत पाठवू लागले होते. जिवंत, हसऱ्या बाळाचा फोटो अण्णांना लगेच हवा होता, आणि नव्या डब्यावर हवा होता.

‘‘आईच्या मांडीवरचा घ्या,’’ अण्णा फोटोवाल्याला म्हणाले. ‘‘आणि ती बाटली बाजूला करा.’’

‘‘बाटली हलणार नाही,’’ मी म्हणाले, आणि श्रीरंगचं तोंड भिंतीकडे केलं.

‘‘सूनबाई, दुकान बसेल.’’

‘‘बसू दे.’’

‘‘अगं वृंदा, अण्णा सांगतात तर...’’

‘‘फोटो देते,’’ मी म्हणाले. ‘‘पण डब्यावर मी सांगेन ते छापायचं. जुलाब-उलटी झाल्यास बाळाचं दूध आणि पाणी बंद करू नये. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं.’’

अण्णा उडालेच. ‘‘डॉक्टरांना दाखवा म्हणून मी माझ्या डब्यावर छापू? मग गुटी कोण घेईल?’’

‘‘मग फोटो घेऊ नका. मी उद्या याला कडेवर घेऊन बाजारपेठेतून फिरते आणि विचारेल त्याला सांगते काय झालं ते. माई, मोरीत वाटी कशी ओतलीत तेही सांगेन.’’

माई खिडकीबाहेर बघायला लागल्या. फोटोवाला कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. अण्णा व्यापारी माणूस, भाव पडलाय हे त्यांना कळत होतं.

‘‘बारीक अक्षरात,’’ ते म्हणाले.

‘‘वाचता आलं पाहिजे.’’

फोटो निघाला. नवे डबे आले. वर श्रीरंग हसतोय, आणि मागे गुटीच्या घटकांखाली माझ्या दोन ओळी. डबा पुन्हा खपू लागला, पूर्वीपेक्षा जास्त. काही वर्षांनी त्याच महिला मंडळानं अण्णांचा सत्कार केला. माता-बालकांच्या आरोग्याविषयी जागृती केल्याबद्दल, डब्यावरच्या दोन ओळींसाठी. अण्णांनी भाषणात सांगितलं की ही सूचना मूळ आजोबांची, त्या साधूनं दिलेली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घर सोडून मी गेले नाही. त्या ओळी डब्यावर राहतात की नाही हे बघायला कुणीतरी तिथे असायला हवं होतं, आणि अरविंद दारात उभे होते.

आता अण्णा नाहीत. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, हार घातलेला, शेजारी ते सन्मानपत्र. गेल्या महिन्यात श्रीरंगच्या मुलीचं बारसं झालं. माई आता फार थकल्यात, पण सजून बसलेल्या नातसुनेजवळ सगळ्यांनी त्यांना खुर्ची दिली होती. त्यांनी मला हाक मारली.

‘‘वृंदा, ती मनगटी काढ गं. श्रीरंगची. हिच्या हातात घालू दे.’’

‘‘कुठली मनगटी?’’

‘‘अगं, डब्यावरची! सोन्याची. डाव्या हातातली. एवढी जाड होती.’’

मी दुकानातून डबा आणून त्यांच्यासमोर धरला. फोटोतल्या बाळाच्या डाव्या मनगटावर खरोखरच एक जाड सोनेरी पट्टा आहे. छापखान्यातल्या रंगाऱ्याला अण्णांनीच सांगितलं होतं, तिथे काहीतरी चांगलं काढा. त्या पट्ट्याच्या खाली सुई आहे, आणि सुईवर चिकटवलेल्या पट्ट्या.

‘‘माई, ही मनगटी नाही. सलाइनची चिकटपट्टी आहे. तुम्ही होतात तिथे. फोटो काढला तेव्हा खाटेच्या पायथ्याशीच उभ्या होतात तुम्ही.’’

माईंनी डबा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग त्या माझ्याकडे बघून हसल्या, वेड्या माणसाकडे बघून हसतात तशा.

‘‘काहीतरीच तुझं. धामणकरांचं पोर सलाइनवर कशाला असेल? ही बघ की, डब्यावर आहे ना,’’ त्या म्हणाल्या, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, कनवटीच्या किल्ल्या चाचपत, मनगटी शोधायला स्वतः उठल्या.